सुईणीपुरता साकव

खूप खूप मागे, डोंगरांना अजून कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान टवकारून ऐकावी, कारण यातल्या चुका सगळ्या मोठ्यांच्याच आहेत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावापुढून ओढा वाहायचा. उन्हाळ्यात त्याच्या वाळूत गुरं बसायची. पावसाळ्यात तोच ओढा असा फुगायचा, की गाव सगळ्या जगापासून तुटायचं. सुईण राहायची पलीकडच्या गावात. आदल्या पावसाळ्यात एक तरणीताठी पोर बाळंतपणात अडली. सुईण त्या काठावर उभी राहून ओरडत होती, असं करा, तसं करा. पाण्याच्या आवाजात कुणाला एक शब्द ऐकू आला नाही. पोर गेली, बाळही गेलं.

यंदा पाटलीणबाईची सून गरोदर होती. दिवस भरायचे तेही नेमके ऐन पावसाळ्यात.

पाटलीण उठली आणि पंचांपुढे जाऊन उभी राहिली. "पलीकडे जायला ओढ्यावर साकव मी बांधून घेते."

एक पंच हसला. "तुम्ही? कधी गोठा तरी बांधलाय का, वहिनी?"

"तुम्ही बांधलेला बघितलाय भावजी. म्हैस बाहेरच झोपते तुमची."

बाकीचे पंच पोट धरून हसले आणि काम पाटलिणीकडे आलं.

"केवढा बांधायचा?" लोकांनी विचारलं.

"पलीकडच्यांनी त्यांच्या नदीवर बांधलाय ना, त्या पुलाहून मोठा!" पाटलीण म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की माणसाला वाटतं सगळं ठरलं. काही ठरलेलं नसतं.

त्या गावाची एक रीत होती. कामाचा नारळ फुटला की काम संपेपर्यंत त्या जागी 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. अपशकुन म्हणे! कुणी, कधी आणि का ही रीत पाडली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पाळायचे सगळे.

नारळ फुटला. पाथरवट, सुतार, लाकूड ओढणारे गडी, दोर वळणारी बाई, सगळे कामाला लागले. पाटलीण रोज दिवस कलला की कमरेवर हात ठेवून फेरी मारायची.

"होतंय ना रे?"

"होतंय, होतंय!" सगळे एका सुरात म्हणायचे.

पाटलीण समाधानाने घरी जायची आणि सुनेला सांगायची, "तू निर्धास्त राहा गं."

एके दिवशी सुईण सुनेला तपासायला आली. कोरड्या ओढ्यातून चालत वर आली आणि थबकली. काठावर एक कमान उभी होती. काय ती कमान! दोन्ही बाजूंना मोर, वर वेलबुट्टी, मधोमध गणपती. कमानीतून पलीकडे बघितलं, तर नुसती मोकळी हवा.

सुनेचं पोट तपासून झालं. हात धुताधुता सुईण म्हणाली, "पोरीचं सगळं ठीक आहे. मूल आडवं यायची भीती मात्र आहे, मी हाताशी असायला हवी. पाटलीणबाई, त्या तुमच्या साकवावरून काय काय जाणार आहे?"

"सगळं! गाड्या जातील, वराती जातील, राजाचा हत्ती आला तर तोसुद्धा जाईल."

"आणि मी?"

"तुम्हीही जालच की, मावशी."

"मग मला आधी जाऊ दे बाई. हत्तीला बाळंतपण करता येत नाही."

पाटलिणीच्या तोंडावर कुणी एवढं बोललं नव्हतं. राग आला, चांगलाच आला. पण सून उंबऱ्यात बसून दोघींकडे बघत होती. त्या पोरीच्या डोळ्यांत काय होतं ते पाटलिणीने बघितलं आणि राग गिळला.

सकाळी तिने सगळ्यांना ओढ्यात बोलावलं. "खरं सांगा, काय अडलंय?"

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. नारळ फुटलेला. 'नाही' कसं म्हणायचं?

पाटलिणीने जरा विचार केला. "बरं, तोंड उघडू नका. ज्याच्यावाचून तुमचं काम अडलंय, त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहा."

सुतार मुकाट्याने उठला आणि लाकूड ओढणाऱ्या गड्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. डोंगरावरून लाकडाचे लांब सोट खाली आलेच नव्हते. रिकामे हात काय करणार, म्हणून त्याने घरच्या फळ्यांची कमान करून मोर कोरले होते. गडी उठले, दोर वळणारीच्या मागे उभे राहिले. दोरच नाहीत, तर सोट काय शेपटीने ओढायचे? पाथरवटही आला आणि गड्यांच्याच मागे उभा राहिला. सोटांची लांबी कळल्याशिवाय त्याने खांब कुठे रचायचे? अशी लांबलचक रांग लागली.

आता राहिली दोर वळणारी. ती उठली, पदर सारखा केला, आणि शांतपणे येऊन पाटलिणीच्या मागे उभी राहिली.

पाटलिणीने कमरेवरचे हात काढले.

"माझ्यामागे? मी काय केलं गं तुझं?"

"दोर किती जाड वळायचा ते सांगितलंत का, आत्याबाई? माणसं जायची, का गाड्या, का हत्ती? दोराची अंबाडी घरात तशीच पडून आहे. पाण्यात मुरवायची किती तेच कळेना. आणि नारळ फुटल्यावर तुमच्या 'होतंय ना'ला 'होतंय' सोडून दुसरं काय म्हणू?"

पाटलिणीने मागे वळून त्या रांगेकडे बघितलं. सगळं गाव तिच्या एका शब्दासाठी खोळंबलं होतं, आणि ती रोज त्यांनाच विचारत होती, होतंय ना रे!

दुसरी कुणी असती तर रडली असती, नाहीतर कुणाला तरी बदडलं असतं. पाटलिणीने दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "एका वेळी एक बाई, हातात तिचं गाठोडं. एवढं जाईल असा साकव. बस्स. गाड्या पुढच्या वर्षी."

"पलीकडचे हसतील," म्हैसवाला पंच कुरकुरला. "बकरीचा पूल म्हणतील."

"हसू देत. पाळणा माझ्या घरी हलायचाय, हसणाऱ्याच्या घरी थोडाच!"

"आणि माझे मोर?" सुताराने विचारलं.

"मोर काढून ठेव जपून. कमानीच्या फळ्या मला चालायला हव्यात."

मग कामाची जुळणी झाली. अंबाडी सगळ्यांत आधी ओढ्यातल्या उरल्यासुरल्या पाण्याच्या डोहात पडली, कारण ती मुरायला वेळ घेते आणि कुणाच्या धाकाला भीत नाही. ती मुरतेय तोवर सोटांची लांबी ठरवून घेऊन पाथरवटाने कोरड्या पात्रात खांब उभे केले. दोर वळणारी म्हणाली, "पुनवेला दोर देते." पाटलिणीने मनात अमावास्या धरली. बरं झालं, धरली! मधेच म्हशी डोहात शिरल्या आणि अर्धी अंबाडी तुडवून गेल्या. तेव्हा मात्र दोर वळणारी धावत आली आणि साऱ्यांदेखत म्हणाली, "आत्याबाई, पुनवेला होत नाही!"

लोकांनी जीभ चावली. पाटलिणीने तिला जवळ बसवलं, पाणी दिलं. "आत्ता सांगितलंस ते सोनं केलंस. किती माणसं देऊ हाताशी?"

साकव उभा राहिला. अरुंद, एकाच बाजूला धरायला दोर, दिसायला अगदी गरीब. पलीकडचे खरोखर हसले.

पुढे ओढा भरला. तांबडं पाणी खांबांना धडका देऊ लागलं आणि भर दुपारी सुनेला कळा सुरू झाल्या. निरोप गेला. सुईण गाठोडं डोक्यावर घेऊन साकवावर चढली, एका हाताने दोर धरून, पावलागणिक शिव्या घालत.

"पूल आहे का धुणं वाळत घालायची काठी, गं बाई!"

"खाली बघू नका, मावशी! शिव्या द्या, पण चालत राहा!" पाटलीण या काठावरून ओरडली.

मूल आडवंच होतं. सुईणीच्या हातांनी ते हळूहळू फिरवलं. उन्हं उतरता उतरता घरात रडण्याचा आवाज आला, बारीक पण खणखणीत. मुलगी झाली. आई थकून हसत होती.

बारशाला पंच आले. पेढा तोंडात टाकून म्हणाले, "वहिनी, आता गाडीचा पूल बांधू. मोठा!"

पाटलीण नातीला मांडीवर थोपटत म्हणाली, "बांधू की भावजी. आधी सांगा, त्यावरून काय न्यायचंय?"

पंचांनी पेढा गिळला आणि पहिल्यांदाच विचारात पडले.

म्हणून सांगते: काम तडीस न्यायचं असेल, तर ते कशासाठी हे आधी ठरवावं, आणि काय अडलंय हे रोज ऐकून घ्यावं.