पाचवा फेरा

कुरणवाडीच्या माथ्यावरचे दगडी खळे पहिल्यांदा पाहिले, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. मधला खांब बाभळीचा होता की बोरीचा, हे आता खात्रीने सांगता येत नाही. ही हकिगत सांगणाऱ्या हैबतीनानांचे काही शब्दही निसटले असतील. एवढे मात्र पक्के आठवते, की मळणीच्या पहिल्या दिवशी गावची माणसे त्या खांबाभोवती सात फेरे धरतात, दर फेऱ्याला एक कडवे म्हणतात आणि पाचव्या फेऱ्याला कोणी तोंड उघडत नाही.

"नुसते पाय वाजतात," नाना म्हणाले. "पाव्हणं हसतात. हसू द्या."

असे सांगतात, की एकदा लागोपाठ चार वर्षे पाऊस पडला नाही. मळणीचे गाणे धान्यावाचून म्हणायचे नाही, रित्या खळ्यावर गायले तर खळे कायमचे रिते राहते, असा गावाचा दंडक. चार वर्षे पीक नाही, म्हणून चार वर्षे गाणे नाही. तेवढ्या काळात ते गाणे पाठ असलेली दोन म्हातारी माणसे गेली. उरली एकटी तान्हूबाई. बाकीच्यांना नुसते पालुपद ठाऊक.

शेवटी गाव सोडायचे ठरले. दुसऱ्या दिवशी उजाडताच जो तो वाट फुटेल तिकडे जगायला जाणार होता. तान्हूबाईला भुकेपेक्षा तेच कुरतडू लागले. माणसे कुठेतरी तगतील; पण ती कुरणवाडीची, हे त्यांच्या पोरांना कशावरून कळावे? गाणे तर आपल्याबरोबर मातीत चालले. पसाभर धान्य असते तर...

आणि धान्य होते. उशीत शिवून ठेवलेली बियाण्याची ज्वारी. घरात नात गोदी दोन दिवस नुसत्या पाण्यावर, तापाने फणफणलेली. निघायच्या आदल्या सकाळी मुलगा खंडू म्हणाला, "आये, उशी उसव. पेज तरी पाजू तिला."

तान्हूबाईने उशी उसवली. खंडूने चुलीवर आधण ठेवले. तिने ज्वारी पदरात घेतली आणि ती उंबऱ्याबाहेर पडली. "दुपारच्या आत येते," म्हणाली. "दाणा न् दाणा माघारी आणते."

तिने गावाला खळ्यावर बोलावले. बैल केव्हाच मेले होते. माणसेच खांबाभोवती फिरू लागली. तिने ज्वारी पसरली. एकेक कडवे ती पुन्हा पुन्हा म्हणे आणि लोक मागून घोकत. चार कडवी झाली. पाचव्याला तिने तोंड उघडले आणि मिटले. माणसे फिरत राहिली. भिवाजी सुताराने विचारले, "काकू, फुडं?"

"इसरले," ती म्हणाली. "हितं गप फिरा. पर कुणी मनचं घालू नका. जागा मोकळी ऱ्हाऊ द्या."

सहावे आणि सातवे मात्र तिने कुठेही न अडखळता म्हटले, म्हणे. मग गुडघे टेकून दगडांच्या फटींतला दाणा न् दाणा वेचला. घरी पोचली तेव्हा आधण आटत आले होते. गोदीला त्याची गरज उरली नव्हती.

तीन वर्षांनी पाऊस आला, तशी माणसे परतली. परमुलखात वाढलेली पोरेसुद्धा सहा कडवी म्हणत खळ्यावर चढली. तान्हूबाई त्यांच्यात नव्हती.

आजही पहिल्या दिवशी मळणीयंत्र बंद ठेवून सात फेरे होतात. पाचव्याला कोणी मनचे घालत नाही. "उपाशी माणसाचं डोकं," नाना म्हणाले होते, "इसरली बिचारी."

नाना गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, नदीच्या खालच्या अंगाला, तान्हूबाईची लेक जिथे दिली होती त्या गावी जाणे झाले. तिथे लेकराच्या उष्टावणाला, पहिला घास भरवताना, बायका एकच कडवे म्हणतात. ते कुठले, त्यांना माहीत नाही. चाल खळ्यावरचीच, पण त्या सहा कडव्यांतले ते नव्हे. आपल्याच कानांवर भरवसा नव्हता, म्हणून तीन घरांत ऐकून ताडून पाहिले. तिन्ही घरी शब्द तेच होते:

*खळ्यावरचा पहिला पसा, खांबा, तुला नाही रं,*
*घरी लेकरू वाट बघतं, आधी त्याच्या मुखी रं.*