विहिरीचं नाव लावणारं गाव

चीनच्या उत्तरेला, पिवळ्या मातीच्या डोंगरांत शीकोऊ नावाचं खेडं आहे. तिथे घरटी एकच आडनाव: जिंग. जिंग म्हणजे विहीर. ते अक्षरही विहिरीच्या चौकटीसारखंच, दोन आडव्या रेघा आणि दोन उभ्या. वेशीवर दगडी काठाची जुनी विहीर आहे. पाहुणे आले की म्हातारी मंडळी त्यांना तिथे बसवतात आणि हान शूची हकिकत सांगतात.

हान शू ही गावची कारभारीण; तेव्हा सगळं गाव हान कुळाचं. राजेराजे आपसांत लढत होते तेव्हाची. ऐन दुष्काळात, तान्ही लेक पाठीशी बांधून एक माणूस गावात आला. कुळ विचारलं की मान खाली घालायचा. "विहीर खणून देतो, आम्हाला राहू द्या," एवढंच म्हणाला. हान शूच्या मनात पाल चुकचुकली. नाव लपवणारा माणूस फुकट राबेल कशाला? शत्रूने धाडलेला असला तर? पाण्यात काही कालवलं तर? ती रोज खड्ड्याशी येऊन त्याच्या हातांवर नजर ठेवायची.

पाणी लागलं. तहानलेलं गाव धावलं, पण हान शू आडवी आली. त्या माणसाने ओंजळ तोंडाशी नेली.

"तू नको," ती म्हणाली. "मरायला तयार होऊन आलेलेही असतात. लेकीला पाज."

त्याने पाठीवरची लेक सोडून पुढे घेतली, म्हणे. मग त्याने लेकीच्या ओठांना ओंजळ लावली. पोर घटाघटा प्यायली आणि आणखी मागत रडू लागली. हान शूला मान वर करवेना.

पुढे राजाचे शिपाई आले. राजाने एक अख्खं कुळ कापून काढलं होतं, त्यातला एक जण निसटला होता. शिपायांच्या नायकाने त्या माणसावर बोट रोखलं. "याचं कुळ कोणतं?"

हान शूला सगळा उलगडा झाला. खोटं सांगितलं आणि ते उघडं पडलं तर गाव जळणार होतं.

"जिंग," ती म्हणाली.

"विहीर? असं कुळ असतं कुठे?"

"आमच्याकडे आहे. मीही जिंगच."

नायकाने शेजारच्याला विचारलं. तोही जिंग. मग त्याच्या पलीकडची बाई, मग तिचा सासरा. नायकाला एकाचंही खरं वाटलं नाही. पण सगळं गाव कापायचा हुकूम त्याच्यापाशी नव्हता. तो निघून गेला. बापजाद्यांचं हान हे नाव त्या दिवसापासून कुणी लावलं नाही. त्या माणसाचं खरं कुळ मात्र हान शूने मरेपर्यंत विचारलं नाही, असं सांगतात.

आजही त्या विहिरीचं पाणी काढलं की पहिला घोट गावातलं सर्वांत वयस्कर माणूस घेतं. तोवर कुठल्याच लेकराच्या तोंडाला थेंब लावू देत नाहीत.