विहिरीवरचं जाळं

दर्यावर वाफेची बोटसुद्धा दिसत नव्हती आणि सगळी ये-जा शिडावर चालायची, त्या काळातली ही गोष्ट. करंजवेळच्या खारवीवाडीत धाकलू नावाचा एक माणूस राहत होता. त्याला जाऊन किती वर्षं झाली ते आता कुणालाच सांगता येत नाही. पण त्याचं नाव घेतल्याशिवाय वाडीतलं हंगामाचं पहिलं जाळं आजही पाण्यात पडत नाही.

धाकलू लहान असताना होडी किनाऱ्यावर ओढत होते आणि त्याचा पाय होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला. पाय वाचला, पण त्यातला जोर गेला. खारव्याच्या घरी जन्मला आणि दर्यावर जाणं काही नशिबी आलं नाही. मग तो जाळी विणायला आणि फाटकी जाळी सांधायला शिकला. त्याच्या हाताची गाठ कधी सुटत नसे. मासा सुटेल, देव सुटेल, पण धाकलूची गाठ सुटणार नाही, असं म्हणतात.

वाडीत मासळीचे वाटे पडत. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा आणि बाकीचे माणसांचे. ज्याचं जाळं त्याचा वाटा घरी बसूनही दारात यायचा. जाळं दर्यावर गेलं म्हणजे तो माणूसच दर्यावर गेला, असं धरत. म्हणून धाकलूने मनाशी एक गोष्ट धरली होती. दिवसभर लोकांची जाळी सांधायची आणि उरल्या वेळात स्वतःचं विणायचं. सणाच्या, म्हणजे तागासारख्या रोपाच्या, धाग्यांचं सूत तो मांडीवर वळायचा आणि ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात रंगवायचा. तीन वर्षं त्याने ते जाळं विणलं. राघो तांडेल वाडीतला मोठा माणूस, सगळ्यात मोठी होडी त्याची. तो म्हणाला होता, "धाकल्या, यंदा तुझं जाळं माझ्या होडीवर." त्या दिवशी धाकलू जेवलाच नाही, इतका आनंद झाला त्याला.

तो विणायला बसायचा गोड्या विहिरीपाशी, बेहड्याच्या झाडाखाली. सगळ्या वाडीत गोडं पाणी तेवढंच, बाकी जिथे खणावं तिथे मचूळ. आणि त्या बेहड्याच्या शेंड्याला समुद्रगरुडाचं घरटं होतं, बैलगाडीच्या चाकाएवढं. पोट पांढरंशुभ्र, पाठ राखाडी, अशी ती जोडी दसरा झाला की यायची आणि काटक्या आणून जुनंच घरटं नीट करायची. दरवर्षी तेच घरटं. धाकलू खाली सांधायचा, ती वर सांधायची. कधी नराने आणलेली काटकी मादीला पसंत पडत नसे. ती चोचीने ती खाली टाकून द्यायची आणि नर मुकाट्याने दुसरी आणायला जायचा. धाकलू खालून म्हणायचा, "जा बाबा, जा. घरात असंच असतं." माणसांत त्याला बोलता येत नसे. गरुडांशी मात्र तो पुष्कळ बोलायचा, असं म्हणतात.

पण त्या वर्षी कार्तिकात एक वाईट गोष्ट घडली. नर पंज्यात समुद्रातला साप घेऊन आला आणि तो जिवंत साप त्याच्या पंज्यातून निसटला. पडला तो थेट विहिरीच्या काठावर. तिथे राघो तांडेलाची सून मथुरा पाणी शेंदत होती. तिला चौथा महिना चालू होता. ती दचकून मागे सरली आणि दगडावर पडली. साप तिला चावला नाही, पोटातलं मूलही वाचलं. पण आठ दिवस तिने अंथरूण सोडलं नाही, आणि वाडी चिडली. आधीच घरट्यातली माशांची डोकी, काटे, हाडं विहिरीत पडायची. बायका रोज कुरकुरत होत्याच.

"झाड तोडा," राघो तांडेल म्हणाला. "झाड नाही तर घरटं नाही, घरटं नाही तर साप नाही."

झाडाला हात लावायचा तर वाडीच्या देवीचा, जाखमातेचा कौल घ्यायला हवा. गुरवाने पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर तोडायचं, डावी पडली तर नाही. वाडी बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं, तरी एकही पाकळी पडली नाही. ना उजवी, ना डावी. असं त्या देवळात आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही, असं म्हणतात. गुरव घाम पुसत म्हणाला, "आई बोलत नाही. तुमचं तुम्हीच ठरवा म्हणते बहुतेक."

तेव्हा मागून धाकलूचा आवाज आला. सभेत तो कधी बोलला नव्हता, त्यामुळे कुणाचा आवाज आहे तेच आधी लोकांना कळेना.

"शिमग्यापर्यंत थांबा," तो म्हणाला. "तोवर त्यांचं पिल्लू उडतं. विहिरीवर मी जाळं बांधतो. विहिरीत एक काटा जरी पडला, तरी झाड तोडा. पहिला घाव मी घालीन."

"आणि एवढं मोठं जाळं आणणार कुठून?"

धाकलू खाली बघत म्हणाला, "हाय माझं."

कुणीतरी हसलं. "दर्यावर जायचं जाळं विहिरीवर चाललं! धाकल्या, विहिरीत काय बांगडा मारतोस की काय?" सगळे हसले. राघो तांडेल हसला नाही. तो म्हणाला, "अरे, यंदा ते माझ्या होडीवर चढणार होतं. तीन वर्षं विणलंस." धाकलूने नुसती मान हलवली. तांडेल म्हणाला, "बरं. शिमग्यापर्यंत. पण बोललास ते ध्यानात ठेव. पहिला घाव तुझा."

विहिरीच्या चार बाजूंना चार वासे रोवून धाकलूने आपलं नवंकोरं जाळं वर ताणून बांधलं. पाणी शेंदायला एका कोपऱ्यातून वाट ठेवली, आणि बाई आली की ती वाट उघडायला स्वतः तिथे बसला. रोज पहाटे बायका यायच्या आधी तो बांबूच्या काठीने जाळं साफ करी. काटे, डोकी, सापांचे सांगाडे, कधी जिवंत साप. जे निघेल ते झाडाच्या मुळाशी पुरून टाकी. होड्या दर्यावर गेल्या, परत आल्या, वाटे पडले. धाकलूच्या दारात वाटा आला नाही. इतक्या वर्षांत कधी आला नव्हता, पण यंदा त्याला ते जास्त लागलं.

घरट्यात दोन अंडी होती, असं म्हणतात. वाढलं एकच पिल्लू. पौषात त्याचा बारीक आवाज खाली ऐकू येऊ लागला. मग नर दिवसातून तीन-तीन वेळा मासा आणू लागला आणि धाकलूचं काम तिप्पट झालं. वर पिल्लू वाढत होतं आणि खाली जाळं उन्हाने, विष्ठेने कुजत होतं. दिवसा जाळ्याची दहा घरं, म्हणजे गाठींमधले चौकोन, सांधावीत, तर दुसऱ्या दिवशी बारा तुटलेली.

माघातल्या एका दुपारी मथुरा एकटीच पाण्याला आली. तिला सातवा महिना चालू होता. चालताना ती एक हात कमरेवर ठेवायची. धाकलूने वाट उघडली. तिने दोर सोडला, कळशी वर घेतली आणि काठावर ठेवली. तेव्हा विहिरीतून पाण्याबरोबर आलेलं काहीतरी कळशीत वाजलं. टण्ण.

धाकलूने वर बघितलं. जाळ्याचं एक घर तुटलं होतं. त्यातून आभाळ दिसत होतं.

मथुरा कळशीत बघत उभी राहिली. धाकलूला वाटलं, आता ही ओरडेल. आपणच सांगावं, असंही त्याला वाटलं, कारण शब्द आपला होता. पण तोंड उघडेना. कुऱ्हाड, झाडाचं खोड आणि आपला हात, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

मथुराने मान वर केली. ऊन भाजून काढत होतं. घरट्याच्या काठावर मादी पंख पसरून उभी होती.

"भावोजी, ती अशी का उभी हाय?"

"सावली करते पिल्लाला," धाकलू कसाबसा म्हणाला.

"कधीपासून?"

"रोजचंच. ऊन उतरेपर्यंत हलत नाय."

"आणि तिला पाणी?"

मथुरा खूप वेळ वर बघत राहिली. मग तिने कळशीत हात घातला, आतलं बोटभर हाड काढून पदराच्या टोकाला बांधलं आणि गाठ मारली. कळशी कमरेवर घेत ती म्हणाली, "ते वरचं घर तेवढं सांधा." आणि गेली.

त्या दिवशी पहिल्यांदा धाकलूच्या हाताने गाठ बसेना, असं म्हणतात. ते एक घर सांधायला त्याला संध्याकाळ झाली.

फाल्गुन लागला. पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहून पंख मारू लागलं. शिमग्याला तीन दिवस राहिले तेव्हा ते एका सकाळी फांदीवरून सुटलं, थोडं खाली आलं, सावरलं आणि दर्याकडे गेलं. सगळी वाडी विहिरीपाशी जमली. राघो तांडेलाने कुऱ्हाडही आणली होती, कारण बोललेलं ते बोललेलं.

"सांग धाकल्या," तो म्हणाला. "विहिरीत काही पडलं?"

धाकलू जन्मात खोटं बोलला नव्हता. त्याने तोंड उघडलं. सांगायचंच, असं त्याने ठरवलं होतं. एवढ्यात बायकांमधून मथुराचा आवाज आला. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नसे.

"मामंजी, पाणी मी भरते. मला विचारा. पाणी गोड आहे."

विचारलं होतं ते वेगळंच. तांडेलाने सुनेकडे बघितलं. मग धाकलूकडे बघितलं. त्याचं तोंड अजून उघडंच होतं. तांडेलाने चाळीस वर्षं दर्या वाचला होता, त्याला काय कळायचं ते कळलं असणार.

"पाणी गोड आहे ना?" तो म्हणाला. "मग झालं." आणि त्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

त्याच वेळी वरून सावली सरकली, असं म्हणतात. गरुडाची जोडी पिल्लाला मध्ये घेऊन वाडीवर आली. तीन फेऱ्या मारल्या. नराच्या पंज्यात एक रावस होता, आणि नेमका जाळ्यावर येऊन त्याने तो सोडला. जिवंत रावस जाळ्यात तडफडू लागला. तो केवढा होता ते सांगणाऱ्यावर आहे. कुणी हातभर सांगतो, कुणी पुरुषभर. पण दर्यावर कधीच न गेलेल्या जाळ्याला मासा लागला, हे सगळे सांगतात.

राघो तांडेल म्हणाला, "जाळं तुझं, धाकल्या. घे तुझा वाटा."

धाकलूने रीतीप्रमाणे मासा कापला. एक वाटा जाळ्याचा, तो स्वतः घेतला. जन्मातला पहिला. होडीचा वाटा त्याने झाडाच्या मुळाशी ठेवला. माणसांचे वाटे उरले, तर तो म्हणाला, "खलाशी वर हायेत." ते त्याने विहिरीमागच्या कातळावर ठेवले, आणि ज्यांचे होते ते येऊन घेऊन गेले. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

मथुराला चैत्रात मुलगी झाली. पदरात बांधलेलं हाड तिने कुठे ठेवलं ते कुणाला माहीत नाही. ती गोष्ट तिने म्हातारपणी फक्त आपल्या नातसुनेला सांगितली. म्हणून आजही करंजवेळात पुरुष सांगतात ती गोष्ट माशाची असते आणि बायका सांगतात ती हाडाची.

तो बेहडा कधीच पडला. त्याच्याच बीचं दुसरं झाड विहिरीपाशी उभं आहे, आणि गरुड येतात. दसरा झाला की वाडीतल्या प्रत्येक घरातून सूत येतं आणि विहिरीवर धाकलूचं जाळं बांधलं जातं. हंगामाच्या पहिल्या मासळीतला एक वाटा झाडाखाली जातो. जाळं सगळं घट्ट विणतात, फक्त एक घर मोकळं ठेवतात. ते का, हे पोरं विचारतात, आणि म्हाताऱ्या हसतात. त्या घरातून पाण्यात काही पडलं, तर ते जिच्या कळशीत येईल तिने मुकाट्याने पदराला बांधायचं आणि घरी जाऊन म्हणायचं, पाणी गोड आहे.