कोंडाईच्या मुंग्या

“ही आल्यापासून मुंग्यांनी घर धरलंय बघ. नारळी पुनवेपर्यंत वाट बघते. तोवर माझी माणसं पायांवर उभी राहिली नाहीत, तर लखूला सांगणार, नेऊन घाल हिला तिच्या डोंगरात.”

हे बोलली मथुराबाई, शिरवखोलच्या धाकू तांडेलाची बायको, आणि बोलली ती शेजारणीच्या कानात. ऐकलं मात्र कुडापलीकडे भात सडत असलेल्या तिच्या नव्या सुनेनं. मुसळ वर गेलं होतं, ते क्षणभर वरच राहिलं. मग खाली आलं. सुनेचं नाव भिवरा. तोंडानं मुकी म्हणावी इतकी कमी बोलायची, पण कान आणि डोळे सदा कामावर. पुनवेला अजून दीड महिना आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची. खाडीला आताच्या दुप्पट पाणी होतं आणि मासे आपण होऊन होडीत उड्या घेत, तेव्हाची. असं म्हणतात. माशांना विचारायला कोण गेलंय?

त्या काळी शिरवखोलला पांढऱ्या भाताचं वेड लागलं होतं. धाकू तांडेलानं कुठल्याशा मोठ्या बंदरात बड्या लोकांच्या पानात मोगऱ्याच्या कळ्यांसारखा भात पाहिला आणि परत येऊन सांगितलं, “आपण लाल भात खातो म्हणून आपल्याला कोण विचारत नाही.” झालं. पूर्वी गाव भात एकदाच सडायचा. आता तीनदा सडू लागला. पहिल्या सडीला तूस निघायचं, पुढच्या दोन सडींना तांबूस कोंडा. मग तांदूळ सात पाण्यांनी धुवायचा आणि शिजला की पेज निथळून काढायची. भात एवढा पांढरा झाला की, असं म्हणतात, तांडेलाच्या घरी जेवताना दिवा लावत नसत, ताट वाढलं की उजेड पडायचा.

हा भात मानाच्या माणसांचा. सुना सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. त्यांच्या पानात कोंड्याची भाकरी आणि वाडगाभर पेज. भिवराच्याही. तिला काही वाटलं नाही, तिच्या डोंगरातल्या माहेरी सगळेच ते खात.

आणि दोन वर्षांत गावाच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या.

आधी तळव्यांना, मग पोटऱ्यांना. मग पाय बधिर. चप्पल निसटली तरी कळायचं नाही. शेवटी पाय अंगाखाली उभे राहीनात. धाकू तांडेल आणि त्याचा लखू, दोघे बापलेक ओटीवर पाय पसरून बसले. मथुराबाई भिंत धरून कशीबशी चालायची. दोघांची गलबतं किनाऱ्यावर उताणी पडली. लग्न झालं तेव्हा लखू काठी टेकत बोहल्यावर चढला होता, आणि आता काठीही भिंतीला टेकून होती.

गाव देवळात गेलं. गुरवानं डोळे मिटून विचारलं, “काय होतंय?”

“मुंग्या येतायत.”

“मुंग्या येतायत,” गुरव म्हणाला, “म्हणजे कुणीतरी वारूळ मोडलंय.”

सगळ्यांनी धाकू तांडेलाकडे पाहिलं. त्यानं नवं घर बांधताना वारूळ खणलं होतं, हे साऱ्यांना एकदम आठवलं. तेव्हापासून दर सोमवारी उंबरठ्या-उंबरठ्यावर मुंग्यांसाठी गुळाचा खडा ठेवायची रीत पडली. पायांतल्या मुंग्या काही गेल्या नाहीत. गुळामुळे घरात खऱ्या मात्र आल्या. भिवरा रोज केरसुणीनं त्यांची रांग वळवायची आणि मनात म्हणायची, आता कुठल्या मुंग्या कुठल्या, हे गुरवालाच विचारावं.

मग दामूवैद्य आले. भला माणूस. त्यांनी ब्राह्मीचा रस दिला, आस्कंद दुधात उकळून दिला, शंखपुष्पी दिली, तिळाच्या तेलानं पाय चोळायला लावले. माणसांची घालमेल कमी झाली, गाव गाढ झोपू लागलं. पाय तर त्यांच्याही आधीपासून झोपलेले होते.

एक दिवस वैद्यबुवा तेलाची वाटी पुसत पुटपुटले, “माझ्या पानांनी शिरा शांत होतात. पण ह्या शिरा शांत काय करायच्या? ह्या उपाशी आहेत. कशाला उपाशी, ते माझ्या पोथीत नाही.”

मथुराबाई म्हणाली, “उपाशी? माझ्या घरात? दोन वेळा डोंगराएवढा भात वाढते मी!”

भिवरानं मान वर केली नाही. पण उपाशी हा शब्द तिनं पदरात बांधून घेतल्यासारखा जवळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं पाहिलं, पाणी भरायला आलेल्या सगळ्या सुनाच होत्या. दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढत होत्या. आणि वाटेतल्या प्रत्येक ओटीवर सासरे, सासवा, मानाचे पाहुणे, पाय पसरून. जेवढा मान मोठा, तेवढे पाय बधिर. नवलच. वारुळाचा शाप असेल, तर तो सुनांना ओळखून कसा वगळतो?

ती परतली आणि उखळापाशी थबकली. उंबरठ्यावरून मुंग्यांची रांग निघाली होती. गुळाच्या खड्याला रांगेनं वळसा घातला. सांडलेल्या पांढऱ्या तांदळाला वळसा घातला. परसात गुरांसाठी ठेवलेल्या कोंड्याच्या टोपलीत ती शिरली आणि प्रत्येक मुंगी एकेक तांबूस कण घेऊन बाहेर पडली. असं म्हणतात की ती रांग एवढी लांब होती की तिचं एक टोक कोंड्यात आणि दुसरं खाडीत होतं. भिवरा मात्र उकिडवी बसून फक्त रांगेचं कोंड्यातलं टोक बघत राहिली. बराच वेळ. मथुराबाईनं आतून दोनदा हाक मारली.

त्या दिवसापासून तांडेलाच्या घरच्या माशाच्या कालवणाला दाटपणा आला. भिवरा मूठभर ताजा कोंडा लोखंडी तव्यावर भाजायची आणि नारळाबरोबर पाट्यावर वाटायची. तिरफळाच्या वासाखाली कोंडा लपून जायचा. पेज ती आमसुलाच्या कढीत ओतायची. कुळथाच्या पिठीत भाजलेले तीळ घालायची आणि बाजूला ब्राह्मीच्या पानांची चटणी, वैद्यबुवांचा मान म्हणून.

“सून मुकी आहे, पण हाताला चव आहे हो,” धाकू तांडेल बोटं चाटत म्हणायचा.

असे पाच आठवडे गेले. पुनव आठ दिवसांवर आली आणि एका दुपारी मथुराबाईनं वाटण चाखायला पाट्यावर बोट फिरवलं.

“अगो, हे काय? कोंडा?” तिचा आवाज खाडीपलीकडे गेला. “गुरांचं खाणं तांडेलाच्या पानात? लखू! आत्ताच्या आत्ता उठ आणि नेऊन घाल हिला!”

ओटीवरून लखू म्हणाला, “आये, नेऊन घालीन गो. पण उठू कसा?”

“तुला मस्करी सुचते?”

“मस्करी कुठली, मी तर—” आणि लखू किंचाळला. “आई गं! चावली!”

“काय चावलं?”

“मुंगी!” लखू पाय झाडत म्हणाला. “मुंगी चावली! तांबडी, खरी! अंगठ्याला!”

मथुराबाई दारात आली तेव्हा तिचा लेक एका पायावर नाचत होता. नाचायला आधी उभं राहावं लागतं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तो भिवराकडे बघतच राहिला. दीड वर्षानं त्याच्या अंगठ्याला काहीतरी कळलं होतं.

“मला पण चावव रे एखादी,” धाकू तांडेल रडवेला होऊन म्हणाला आणि त्यानं सरकत सरकत आपला पाय रांगेत ठेवला. थोड्या वेळानं तोही उठून उभा राहिला आणि त्यानं अशी आनंदाची बोंब ठोकली की, असं म्हणतात, पलीकडच्या गावच्या लोकांना वाटलं शिमगा आला.

नारळी पुनवेला गलबतं पाण्यात गेली. सुकाणूवर धाकू तांडेल, शिडाशी लखू.

भिवरा पुढे एकशे सात वर्षं जगली. त्या कोंड्यावरून आधी हिणवायला पडलेलं कोंडाबाय हे नाव मानानं कोंडाई झालं. लोकांनी तिचं देऊळ बांधायचं काढलं, तर दगड रचायला आलेल्या गवंड्यांना तिनं पेज पाजून परत पाठवलं. ती गेली त्या सकाळी तिच्या दारापासून खाडीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, आणि प्रत्येकीच्या तोंडात एक तांबूस कण होता. असं म्हणतात.

शिरवखोलात आजही गलबतं पाण्यात जाण्याच्या आदल्या दिवशी भात एकदाच सडतात. त्या दिवशी कुणी मुंगी मारत नाही. एकाच टोपात लाल भात शिजतो, पेज निथळत नाहीत, आणि तांडेलापासून गवंड्यापर्यंत सगळे एका पंगतीत बसतात. गावातली सगळ्यात म्हातारी बाई पळी घेऊन उभी राहते आणि एक प्रश्न विचारते. उत्तर गावात सगळ्यात नव्यानं आलेल्या सुनेनं द्यायचं, मोठ्यानं. कितीही लाजरी असली तरी.

कारण त्या दुपारी, मुंगी चावल्यावर, मथुराबाई अशीच पळी हातात धरून उभी राहिली होती. एका बाजूला पांढरा भात, दुसऱ्या बाजूला कोंड्याचं वाटण, समोर दोन उभी माणसं आणि दाराशी जमलेलं अर्धं गाव. तिनं जन्मात पहिल्यांदा सुनेला विचारलं, “बाय, आता सांग तूच. तांडेलाच्या पानात काय वाढू?”

सगळ्यांच्या माना वळल्या. भिवरानं हात पदराला पुसले, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

“आत्याबाई, माझ्या पानात वाढत होतात, तेच.”