टेकडीवरचा मातीचोर

महिपत राजाच्या टेकडीवरची माती चोरीला गेली! सोनं गेलं असतं तर राजाने एवढा आकांत मांडला नसता, सोनं तिजोरीत आणखी होतं. पण माती? तीही महालासमोरच्या टेकडीची?

खरं तर या टेकडीवर पूर्वी दाट रान होतं. एके सकाळी सज्जात दात घासताना राजाच्या मनात आलं, की एवढी जागा झाडांनी उगाच अडवली आहे. झालं! झाडं पडली, मुळं उपटली गेली आणि बाजरीसाठी नांगर फिरले. राजाची अट एकच. नांगराचे तास, म्हणजे त्याने मातीत पाडलेल्या रेघा, सज्जातून भांग पाडल्यासारखे सरळ दिसले पाहिजेत, थेट माथ्यापासून पायथ्याच्या तळ्यापर्यंत! बैल वर-खाली करून फेसाळले, पण हुकूम तो हुकूम.

पहिल्या वर्षी बाजरी अशी आली की राजा मिशांना पीळ देत हिंडला. दुसऱ्या वर्षी पीळ सैल पडला. तिसऱ्या वर्षी पेरणीला नांगर लावला, तर फाळ खणकन खडकावर वाजला. त्यातच तळ्यात राजाची होडी रुतायला लागली होती. तो राग बिचाऱ्या नावाड्यावर निघाला. मातीचा राग निघाला टेकडी राखणाऱ्या रानबा जागल्यावर.

“डोळ्यांत तेल घालून पहारा करतोस ना? मग माती गेली कुठे?”

“सरकार, माणूस सोडा, शेळीबी फिरकली न्हाई तिकडं!”

“मग काय माती पाय फुटून पळाली? ऐक! पोळ्यापर्यंत चोराला बांधून हजर कर, मुद्देमालासकट! नाहीतर घरदार सोडून राज्याबाहेर चालता हो! आणि चोराला वाट दाखवणारा जो कोणी असेल, त्याने ती माती स्वतःच्या डोक्यावर वाहून टेकडीवर न्यायची. मग तो कोणीही असो!”

रानबा घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. त्याच्या लेकीने, हौसाने, भाकर वाढली तरी तो हलेना. शेवटी तिने खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

“आबा, नीट आठवा. राजे काय म्हणाले? चोराला पकडून आणा, का बांधून?”

“बांधून.”

“बांधूनच म्हणाले?”

“आगं, बांधूनच! कान हायेत मला!”

“मग जेवा बरं. चोर माझ्या वळखीचा हाय.”

दुसऱ्या दिवशी हौसा दरबारात उभी राहिली. “महाराज, चोर धरायचा तर सापळा लावाया पायजे. टेकडीची मधली पट्टी माझ्या हवाली करा.” राजाने ती दिली. हौसाने गावातल्या बाया गोळा केल्या, नांगराने उकरलेले धोंडे उताराला आडवे रचले, त्यांच्या कडेने गवताची ठोंबं लावली आणि नांगरही आडवा धरायला लावला. सज्जातून राजाने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “पोरीने माझ्या भांगाचा पार गुंता केला!” पण शब्द दिला होता. तो दात-ओठ खात पोळ्याची वाट पाहू लागला.

श्रावणात एकदा पाऊस असा कोसळला, की रचलेला एक धोंडा निसटला. तोंडावर एवढ्या बाता मारणारी हौसा त्या दिवशी मात्र मनातून चरकली. हे फुटलं तर आबांचं घर गेलं! डोक्यावर इरलं घेऊन ती त्या भगदाडालाच पाठ लावून बसली, बाया नवे धोंडे आणेपर्यंत.

पोळ्याला राजा लवाजम्यासह टेकडीवर आला.

“कुठे आहे चोर?”

“ह्यो काय, बांधलाय की!”

राजाने पाहिलं. धोंड्यांच्या रांगेमागे वीतभर मऊ माती साठली होती आणि तिच्यावर पाणी निवांत बसलं होतं. मातीत चक्क गांडुळं वळवळत होती!

“थट्टा करतेस?”

“तुमचाच शब्द, महाराज! दोरीनं बांधायचं का बांधानं, ते तुमी कुठं सांगितलं व्हतं? चोराचं नाव पाणी! आदी ते पानांवरनं, पाचोळ्यातनं दमानं यायचं. मुळं त्याला पाहुण्यावानी बसवून घ्यायची, ते जमिनीत मुक्काम करायचं. तुमी रान तोडलंत आन् त्याला मोकळं रान दिलंत! आता धूम ठोकतं, जाताना घरातलं उचलून नेतं.”

“आणि मुद्देमाल?”

“तुमच्या तळ्यात! होडी रुतती ना, ती कशात?”

नावाड्याने धावत जाऊन वल्हं बुडवलं आणि वर काढलं. काळीभोर माती! नावाडी उगाचच जास्त वेळ ते वल्हं उंच धरून उभा राहिला.

चोरीचा माल आपल्याच घरी निघाला म्हटल्यावर राजा आणखी चिडला. “पण त्या चोराला वाट कोणी दाखवली? नाव सांग! मी त्याला सोडणार नाही!”

सरदार पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. रानबाने तर डोळेच मिटून घेतले.

“नाव घ्यायला जीभ रेटत न्हाई, महाराज,” हौसा म्हणाली. “पण वाट हितनं दिसती. तुमच्या सज्जातनं तर लई सरळ दिसती!”

राजाने वर पाहिलं, खाली पाहिलं. हौसाच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना माथ्यापासून तळ्यापर्यंत एकेक तास भांगासारखा सरळ! त्याच्या मिशा थरथरल्या. आता काही खैर नाही असं सगळ्यांना वाटलं, तोच राजा पोट धरून हसायला लागला.

“म्हणजे माती मीच खाल्ली म्हणायची! अरे, पाटी आणा! रानबाचं घर त्याचंच राहील आणि टेकडी आजपासून हौसाच्या ताब्यात. माथ्यावर पुन्हा रान वाढू दे. नांगर कसा धरायचा, ते हीच सांगेल!”

मग भरजरी पागोट्यावर चुंबळ ठेवून राजाने तळ्यातल्या गाळाची पाटी उचलली आणि आपल्या लाडक्या तासातून सरळ वर निघाला. अर्ध्यावर त्याला धाप लागली.

“हौसा, ही चढण फारच उभी आहे गं!”

“तेच तर सांगत व्हते, महाराज,” हौसा म्हणाली, “जरा आडवं चला!”

राजा इतका हसला, की अर्धी पाटी तिथेच सांडली.