बटणांच्या जागा

"...मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा चाचा," सन्मती म्हणाला.

गफूरचाचा मुजावर जुन्या बटणांतली धूळ ब्रशनं झाडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

इचलकरंजीत गल्लोगल्ली व्हिडिओ गेमची दुकानं होती, तेव्हा शहरातली निम्मी मशीनं चाचांच्या हातची. पुढं दुकानं बंद पडली, चाचा मात्र बंद पडले नाहीत. आता हौशी माणसं घरातच मशीन मांडतात आणि ते चाचांकडून करून घेतात. सन्मती चौगुले पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला, पण गेलं वर्षभर दर रविवारी गावी येऊन तो चाचांच्या हाताखाली काम शिकत होता. पोरगा हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं.

एकट्यानं केलेलं पहिलं मशीन त्यानं थोरल्या भावाला दिलं होतं.

श्रेणिकदादाचा एके काळी दुकानात दबदबा होता. तो मशीनपुढं उभा राहिला की बाकीचे आपापला खेळ सोडून त्याच्या पाठीमागं गर्दी करत. सन्मतीला खेळायला त्यानंच शिकवलं. मागच्या दिवाळीआधी यंत्रमागात त्याचा उजवा हात सापडला आणि दोन बोटं गेली. तेव्हापासून तो हात खिशातून फारसा बाहेर आलाच नाही.

म्हणून सन्मतीनं डोकं चालवलं होतं. मशीनवर डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला सहा बटणं असतात. त्यानं सहाची तीन केली. ठोसा, लाथ, उडी, सगळी कामं कॉम्प्युटरवरून बदलून अंगठा, अनामिका आणि करंगळीखाली आणली. जो डाव मारायला एकापाठोपाठ चार बटणं दाबावी लागायची, तो आता एकाच बटणावर बसवला. अंगठा टेकला की समोरचा आडवा.

दादा दोन डाव खेळला. दोन्ही जिंकला. छान केलंयस म्हणाला, आणि मशीनवर चादर टाकून उठून गेला. त्या गोष्टीला महिना झाला, चादर तशीच होती.

"दोन्ही जिंकला?" चाचांनी विचारलं.

"दोन्ही."

"हं..."

चाचांनी ब्रश खाली ठेवला.

"बोटं कुठली गेली?"

"अंगठ्याजवळची दोन."

"कुठनं? मुळातनं, का पेरातनं?"

अपघाताला एक वर्ष झालं होतं. दवाखान्यात तो दादाच्या उशाशी बसला होता, दर रविवारी त्याच्यासोबत एका पंगतीला जेवत होता. पण पट्टी सुटल्यापासून त्या हाताकडे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. दादाला वाईट वाटेल म्हणून, असं तो स्वतःला सांगत आला होता. खरं तर बघायची त्याचीच छाती होत नव्हती.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "चाचा, मला काही शिकायचं नाही यातलं. मला माझा दादा परत पाहिजे. घरात असतो, पण नसल्यासारखा असतो."

चाचांनी एक कोरी प्लायची फळी काढली, दांडी तिच्यावर आधीच बसवलेली होती. कॅरमची पावडर घेतली, झाडलेली बटणं आणि ड्रिल पिशवीत टाकलं आणि चप्पल पायात सरकवली.

चौगुल्यांच्या घरी श्रेणिक पलंगावर पेपर वाचत होता. पेपर डाव्या हातात होता. चाचांना बघून तो उठला, बसा म्हणाला. आईनं चहा ठेवला. तो होईपर्यंत चाचांनी मशीनवरची चादर काढली, सन्मतीची तीन बटणांची फळी उचकटली आणि तिथं आपली कोरी फळी बसवली. दांडीची वायर जोडली. मग फळीवर पावडर भुरभुरली आणि तळव्यानं सारखी केली.

चाचांची ही जुनी रीत. ज्याच्यासाठी मशीन करायचं त्याला आधी कोऱ्या फळीवर खेळायला लावायचं आणि ठसे उमटतील तिथं भोकं पाडायची. सन्मतीला ही रीत आवडत नसे. मापं कागदावर तयार असताना हा पसारा कशाला, असं तो म्हणायचा, आणि दादाच्या मशीनला त्यानं कागदावरचीच मापं घेतली होती.

"ये रे, उभा रहा," चाचा श्रेणिकला म्हणाले.

"बटणं नाहीत की चाचा."

"ती मी बघतो. तू खेळ."

थोरल्या माणसाचा शब्द कसा मोडायचा, म्हणून श्रेणिक उठला. डावा हात दांडीवर ठेवला. उजवा... जरा थांबला, मग खिशातून निघाला.

चाचांनी मशीन चालू केलं आणि पडद्यावर मारामारी सुरू झाली. श्रेणिकचा गडी पुढं-मागं होत होता, पण बटणांवाचून मारणार कसा. समोरचा त्याला बडवत होता. श्रेणिक सवयीनं फळीवर अंगठा टेकत होता, अनामिका टेकत होता. तुटलेली दोन बोटं त्यानं वर आखडून धरली होती.

सन्मती पडद्याकडे बघत होता. चाचांनी त्याची हनुवटी धरली आणि तोंड फळीकडे वळवलं.

तेव्हा सन्मतीनं तो हात बघितला. बोटं मुळापासून गेलेली नव्हती. मधल्या पेरापर्यंत होती. टोकं गुळगुळीत, लालसर. त्यानं नजर हलवली नाही.

समोरच्यानं श्रेणिकच्या गड्याला कोपऱ्यात घेतलं. लाथेवर लाथ बसू लागली. श्रेणिक पुढं वाकला, ओठ आवळले, आणि हात आखडायचा विसरला. ती दोन अर्धी बोटं खाली आली. टप, टप. तळव्याच्या जवळ, दोन लहान गोल ठसे.

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली आणि आधी त्या दोन ठशांभोवती गोल काढले. बाकीचे नंतर.

"सगळ्यात जोराचं काम कुठल्या बटणाचं?" त्यांनी सन्मतीला विचारलं.

"लाथेचं. आणि ठोशाचं."

"ती दोन्ही इथं लाव."

"चाचा, त्या बोटांना जमायचं नाही. त्यांना त्रास नको म्हणूनच तर मी..."

"तू त्यांना घरी बसवलंस."

श्रेणिकनं मान वळवून चाचांकडे बघितलं. कारखान्यात मालकानं त्याला मागावरून काढून गेटजवळ खुर्ची दिली होती, बस निवांत म्हणून. घरी आई भाकरी मोडून ताटात वाढायची. सगळी माणसं मायेचीच होती. सन्मतीच्या हे सारं आता एकदम ध्यानात आलं आणि त्याची मान खाली गेली.

तो फळी घेऊन अंगणात गेला. स्वतः भोकं पाडली, कडा कानशीनं घासल्या. आत येऊन दादाचा हात हातात घेतला, अर्ध्या बोटांच्या टोकांशी बटण लावून उंची पुरते का ते बघितलं. श्रेणिकनं हात ओढून घेतला नाही.

"डावीकडचं जरा वर घे," एवढंच म्हणाला.

सन्मतीनं ते वर घेतलं. लाथ आणि ठोसा तिथं जोडले. एका बटणावर बसवलेला डाव पुसून टाकला.

श्रेणिक खेळायला लागला. पहिला डाव हरला. दुसरा त्याहून वाईट हरला. अर्धं बोट बटणावरून घसरायचं, लाथ उशिरा बसायची. कपाळावर घाम आला. चहा निवून गेला. तिसऱ्या डावाला त्यानं मशीनला एक सणसणीत शिवी हासडली, तशी आई स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

चौथाही गेला. पाचव्याला श्रेणिकनं बाह्या वर सारल्या.

सन्मतीला बघवेना. सोपा खेळ लावायचं बटण मशीनच्या मागं होतं. दादाला न कळता तिथवर पोचता येत होतं. तो हळूच सरकला आणि त्यानं हात मागं घातला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"चाचा, हरतोय तो..."

"हरू दे की. वर्षभर त्याला कुणी हरूच दिलेलं नाही."