पाणबुडीवाल्यांसाठी गंडे

"म्हणजे पाणबुड्या पाठवणं थांबवू म्हणता?"

नौसेनापती सुर्व्यांचा आवाज चढला होता. समोर टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर फकीर इस्माईलबाबा बसले होते. लहानपणी सुर्व्यांना पोहायला यांनीच शिकवलं होतं.

"मी कुठं काय म्हटलं?" बाबा म्हणाले.

सुर्वे उठले, कठड्यापाशी गेले, परत आले. खाली बंदरात पाणबुड्या निघायच्या तयारीत होत्या. संध्याकाळची भरती आता लांब नव्हती.

"शत्रूच्या विमानांना हल्ली पाण्याखालचंही कळतं, बाबा. आधी निम्म्या तरी परत यायच्या. या महिन्यात..."

"या महिन्यात?"

"एकही नाही."

"तरी पाठवतोस."

"पाठवावं लागतं! ती विमानं या पाणबुड्यांच्या मागावर आहेत, तोवर आपली शहरं वाचताहेत. मी थांबलो, की दुसऱ्या दिवशी..."

 

सुर्व्यांनी खिशातून काळ्या गंड्यांची जुडी काढली.

"यांच्यावर फुंकर घाला. पोरांना धीर येईल."

"पोरांना ठाऊक आहे?"

"काय?"

"एकही परतली नाही ते."

"नाही... सांगितलं तर हातपाय गळतील त्यांचे."

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलले. जुडीवर फुंकर घातली आणि ती पुढं धरली.

"घे. तुझ्या हातानं बांध. एकेकाच्या मनगटात. तोंडाकडे बघून."

सुर्व्यांचा हात पुढं झाला, आणि मध्येच थांबला. वर चांगला वारा होता, तरी त्यांची कॉलर घामानं भिजली होती.

"माझे अधिकारी बांधतील."

"तू का नाही?"

"मी धक्क्यावर जात नाही, बाबा. हुकूम कचेरीतून फोनवर देतो."

"पूर्वी जायचास."

"पूर्वी जायचो."

"मग?"

सुर्व्यांनी मान खाली घातली. 

"तोंडं बघितली तर... माझ्याच्यानं हुकूम देववणार नाही."

खाली बंदरात भोंगा झाला. सुर्वे दचकले.

बाबांनी त्यांचा हात ओढून घेतला, जुडी तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली.

"मग इतके दिवस हुकूम देत होतं कोण?"